गच्चीवरच्या भाज्यांवर मिलीबग मारला तरी परत येतो? काय काय तपासायचं ते बघा

दिवाळी उलटली की घोडबंदर रोड, कासारवडवली, ऐरोली, खारघर सगळीकडून एकच फोटो यायला लागतो, भेंडीच्या देठावर पांढरा कापूस, जास्वंदीचे शेंडे चुरगळलेले, वांग्याची पानं खालून चिकट, आणि खाली मजकूर ठरलेला: "नीम ऑइल मारलं, साबण मारला, दुकानदाराने दिलेलं औषधपण मारलं, गेला होता, पंधरा-वीस दिवसांत परत आला, आता काय मारू?" कोणी ना कोणी लगेच अजून एका औषधाचं नाव सांगतं, ते मारून होतं, महिनाभराने तोच फोटो परत.

आमच्या सोसायटीत गच्चीवर भाजी लावणारी बरीच मंडळी आहेत आणि हा प्रश्न सारखा माझ्याकडे येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. "काय मारू" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. मिलीबग म्हणजे आपला पिठ्या ढेकूण, तो परत येतो कारण त्याला परत आणणारी व्यवस्था तुमच्या गच्चीवर जशीच्या तशी चालू असते, मुंग्या जागेवर, खत म्हणून पेंडीचं पाणी चालू, आणि त्याला खाणारे कीटक तुमच्याच फवाऱ्यात मेलेले. या तीन गोष्टी बदलल्या की साधा साबणसुद्धा पुरतो.

आधी खात्री करा की तो पिठ्याच आहे. पानावर सपाट पांढरी पावडर असेल, बोटाने पुसली जात असेल आणि खाली किडा नसेल तर ती भुरी आहे, म्हणजे बुरशी, तिचा उपाय वेगळा. झाड हलवल्यावर बारीक पांढरं काहीतरी भुर्रकन उडालं तर पांढरी माशी. पिठ्या उडत नाही (त्याचा नर उडतो पण तो इतका बारीक असतो की तुम्हाला दिसणारच नाही), जागच्या जागी घोळक्याने बसतो, पानाच्या बेचक्यात, देठाच्या खाचेत, भेंडीच्या टोपीखाली. टूथपिकने एक चिरडून बघा, पिवळसर किंवा लालसर चिकट पाणी निघतं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते. पिठ्यांच्या घोळक्यात कधीकधी एखादा जरा मोठा, अंगावर लांब लांब पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असलेला किडा दिसतो आणि आपण म्हणतो अरे बापरे हा तर राजा मिलीबग, आणि पहिल्यांदा त्यालाच चिरडतो. तो बहुतेक वेळा क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते आणि तिचं जेवण म्हणजे पिठ्या. ओळखायची खूण सोपी आहे: पिठ्याची मादी तीन-चार मिलिमीटरची आणि सुस्त, ही अळी वाढली की सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडी जास्त लांब होते आणि काडी लावली की चांगली पळते. मोठा भुंगेरा काळपट, डोकं आणि मागचं टोक तांबूस-नारिंगी, लेडीबर्डच्याच घराण्यातला पण ठिपके नसलेला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला होता, आता इथलाच झालाय. द्राक्षबागेत पिठ्यासाठी हा भुंगेरा सोडायची शिफारस जुनीच आहे, म्हणजे शेतकरी विकत घेऊन सोडतात आणि आपण गच्चीवर फुकट आलेला चिरडतो.

पंधरा-वीस दिवसांतच का परत येतो याचं उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते (भेंडी-जास्वंदीवर जी जात जास्त दिसते तिची पिल्लं बऱ्याचदा पिशवीतच लगेच बाहेर पडतात), आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून परत अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत साधारण महिना लागतो. अंगावर मेण, पिशवीवर मेण, पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळून जातो. म्हणजे एका फवाऱ्यात उघड्यावरची पिल्लं मरतात, पिशवीतली राहतात, आणि तुम्ही "गेला" म्हणून निवांत बसता तोवर ती बाहेर येऊन पसरलेली असतात. ही पिल्लं वाऱ्याने जातात, तुमच्या कपड्यांना, कात्रीला, माळीदादांच्या हाताला चिकटून जातात, आणि मुंग्या तर त्यांना उचलूनच नेतात.

तर मुंग्या. इथे जरा थांबूया कारण निम्म्याहून जास्त केसेस इथेच सुटतात.

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनाला लागणारा नत्र अगदी कमी असतो, त्यामुळे पिठ्याला पुरेसा नत्र मिळवायला ढीगभर रस प्यावा लागतो आणि जादाची साखर तो मागून गोड चिकट थेंबांच्या रूपात टाकून देतो. तुमच्या बाल्कनीच्या रेलिंगवर, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जो चिकटपणा येतो आणि मग त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते, तो हाच थेंब. मुंग्यांना तो हवा असतो, आणि त्यासाठी त्या पिठ्याला गवळ्याने गोठा सांभाळावा तशा सांभाळतात: शेंड्यावर जागा कमी पडली की पिल्लं दुसऱ्या झाडावर हलवतात, थेंब गोळा करून जागा स्वच्छ ठेवतात (नाहीतर पिठ्या स्वतःच्या चिकट्यात आणि बुरशीत अडकून मरायचा), आणि लेडीबर्ड, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा किडा, त्याची अळी पिठ्या खाते), परोपजीवी माश्या आल्या की त्यांना हाकलतात. मुंग्या जागेवर असताना तुम्ही बाहेरून मित्रकीटक आणून सोडले तरी पैसे पाण्यात.

त्यामुळे पिठ्या दिसला की किडा मोजत बसू नका, मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधा. कुंडीच्या तळाच्या भोकातून, भिंतीच्या फटीतून, पाइपवरून, किंवा शेजारच्या झाडाची फांदी टेकलीय त्यावरून. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर बघितलं तर रांग नीट दिसते.

रांग तोडायचे उपाय लोक करतात पण अर्धवट. मुंग्यांच्या खडूची रेघ मारतात, ती पहिल्या पाण्याला धुवून जाते आणि तोवर त्यावरून गेलेला चांगला किडाही मारते. हळद, मिरची, दालचिनी यांनी मुंग्या रस्ता बदलतात, घर बदलत नाहीत. चालतं ते असं: कुंड्या भिंतीपासून आणि एकमेकींपासून सुट्या करा, टेकलेल्या फांद्या छाटा, स्टँडच्या पायांना रुंद सेलोटेप गुंडाळून त्यावर पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसचा पट्टा लावा. थेट झाडाच्या खोडाला ग्रीस लावू नका, साल खराब होते, आधी टेप मग ग्रीस. धूळ बसली की वरचा थर बदला. काहीजण स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवतात, उपाय चांगला आहे पण आपल्याकडे डेंग्यूचा डास असल्याच वाटीत वाढतो, म्हणून पाण्यात साबणाचे थेंब टाका आणि आठवड्यातून एकदा तरी ओतून वाटी घासून परत भरा, नाहीतर भेंडी वाचेल आणि घरातलं कोणी आजारी पडेल.

वारूळच कमी करायचं असेल तर आमिष. बोरिक पावडर, तीच जी कॅरमवर टाकायचे (आता कॅरमसाठी दुसऱ्याही पावडरी मिळतात, डब्यावर बोरिक ॲसिड लिहिलंय का ते वाचा). शंभर मिली पाण्यात दोन चहाचे चमचे साखर आणि जेमतेम पाव चमचा बोरिक, म्हणजे साधारण एक टक्का. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो, जास्त टाकलं की लवकर मरतील असं वाटतं, पण जास्त टाकलं तर मुंगी वाटेतच मरते आणि वारुळातल्या राणीपर्यंत काही पोचत नाही. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणाला भोक पाडलेल्या छोट्या डबीत ठेवा, लहान मुलं आणि मांजरं यांच्या हाती लागणार नाही अशा जागी, मुंग्यांच्या वाटेवर. कुंडीतल्या मातीत ओतू नका, बोरॉन जास्त झालं की झाडाची पानं कडेने जळतात. फरक पडायला दोनेक आठवडे जातात. आणि हो, झाडावर चिकटा भरपूर असेल तर मुंग्या तुमचं साखरपाणी बघणारही नाहीत, घरी ताजं मिळतंय तर डबीतलं कोण खाईल, म्हणून आधी झाड धुवायचं आणि त्याच दिवशी आमिष ठेवायचं. "बोरिक ठेवलं पण काम केलं नाही" म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा इथेच चुकलेलं असतं.

दुसरी गोष्ट, खत. गच्चीवर कोणालाही विचारा, शेंगदाणा पेंडीचं आंबवलेलं पाणी दर आठवड्याला, वर गांडूळखत, वर किचन कंपोस्टचा चहा, कोणी कोणी गुपचूप युरियाची चिमूटपण. शेंगदाणा पेंडीत साधारण सात टक्के नत्र असतो, म्हणजे बऱ्यापैकी तगडं खत. नत्र जास्त झाला की पालवी लुसलुशीत, गडद हिरवी, फोटोला मस्त, आणि त्या पालवीच्या रसात पिठ्याला हवी ती अमिनो ॲसिडं वाढतात, म्हणजे कमी रस पिऊन जास्त पिल्लं. मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांचंही असंच. सेंद्रिय नत्र आहे म्हणून किडीला तो कमी गोड लागतो असं काही नाही. पिठ्या असेपर्यंत पेंडपाणी पूर्ण बंद, मग परत सुरू केलं तरी महिन्यातून एकदा आणि चांगलं पातळ करून. पोटॅशसाठी लाकडाची राख मिळाली तर कुंडीला चमचा-दोन चमचे, त्याहून जास्त नाही, माती अल्कधर्मी होते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपणच मारलेले मदतनीस, आणि ही फक्त गच्चीची गोष्ट नाही. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे माजले होते, जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त, कारण औषधाने कोळी आणि बाकीचे भक्षक आधी मरायचे आणि तुडतुड्याची झाडाच्या आत घातलेली अंडी वाचायची. शेवटी 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातले किडे ओळखायला शिकवायला सुरुवात केली. फवारणी घटली आणि भाताचं उत्पादन काही कोसळलं नाही.

पिठ्याचंच उदाहरण हवं तर पपई घ्या. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा पपईचा पिठ्या 2008 मध्ये कोइमतूरला सापडला आणि पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद, दिसेल त्या झाडावर चढत गेला, औषधांचे फवारे मारून लोक थकले. 2010 मध्ये शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या मागवल्या, त्यातली ॲसेरोफॅगस पपई ही सगळ्यात कामाची ठरली. मिलिमीटरच्याही आतली ही माशी पिठ्याच्या अंगात अंडं घालते आणि पिल्लू त्याला आतून खाऊन बाहेर पडतं. ती सोडली आणि थोड्या काळात प्रश्न आटोक्यात आला. भेंडी-कपाशीवरच्या पिठ्यालाही एनासियस नावाची अशीच माशी आहे, ती आपल्याकडे आपोआप पसरलेली आहे.

हे गच्चीवर कसं ओळखायचं? पांढऱ्या घोळक्यात मधेमधे तपकिरी, कडक, फुगलेले पिठ्या दिसतील, ढोलासारखे, काहींना एका टोकाला गोल भोक. भोक म्हणजे माशी बाहेर पडली, भोक नसेल तर अजून आत आहे. असे तपकिरी ढोल दिसले की ते पान तोडून फेकू नका, झाडावर किंवा बाजूच्या कुंडीत ठेवून द्या आणि फवारा हातातून खाली ठेवा, तुमचं काम दुसरं कोणीतरी करतंय.

या माश्यांना आणि क्रायसोपाला मोठेपणी मध-पराग लागतात, आणि त्यांचं तोंड बारीक म्हणून फुलंही बारीक लागतात. गुलाब, जास्वंद त्यांच्या कामाची नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी, तुळस यातल्या एखाद-दोन कुंड्या खुडून न टाकता फुलावर येऊ द्या. आमच्याकडे कोथिंबिरीला तुरा आला की "वाया गेली" म्हणून उपटतात, ती उपटू नका एवढंच.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते क्रमाने सांगते. पहिल्या दिवशी जास्त लागण झालेले शेंडे कापून थेट पिशवीत, उचलून गच्चीभर मिरवत नेऊ नका, पिल्लं गळतात. मग पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून आणि बेचक्यात, एका हाताने फांदी धरून. घोडबंदरला एप्रिल-मेमध्ये पाण्याची बोंब असते हे मान्य, तेव्हा हातपंपाचा दोन लिटरचा फवारा घ्या आणि जुना टूथब्रश, पाणी कमी लागतं आणि मेणही निघतं. मुंग्यांचा रस्ता तोडा, आमिष ठेवा. संध्याकाळी साबण.

साबणाबद्दल एक भानगड. मऊ साबण, म्हणजे पोटॅशचा द्रव साबण, लिटरला पाच ते दहा मिली. कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड हे डिटर्जंट आहेत, त्याने पानाचं स्वतःचं मेण निघतं आणि पानं जळतात. आणि ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे त्यांनी आधी बाटलीत साबण घालून हलवून बघा, फेस न होता वर साय-चोथा आला तर पाणी जड आहे, साबण पाण्यातल्या कॅल्शियमशीच लढून संपला, किड्यासाठी उरलाच नाही. "साबणाने काहीच होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं मूळ इथे असतं. पालिकेचं नळाचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. साबण फक्त ओला असताना काम करतो आणि ज्याच्या अंगावर पडला त्यालाच मारतो, वाळल्यावर शून्य, म्हणून उन्हात मारायचा नाही आणि पानाची वरची बाजू चमकवून उपयोग नाही. आधी एका पानावर मारून एक दिवस बघा. सकाळी साध्या पाण्याने धुवा.

हे दर पाच-सहा दिवसांनी, महिनाभर, किडा दिसो न दिसो. पिशवीतून निघणारी पिल्लं मेण चढायच्या आत गाठायची आहेत, सगळा हिशोब तेवढाच आहे. मधल्या एखाद्या वेळी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाने नीट मिसळून, किंवा पाच टक्के निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची. क्रिप्टोलिमसची अळी किंवा तपकिरी ढोल दिसले तर त्या फांदीपुरतं सगळं थांबवा.

हवेत दमटपणा भरपूर असताना, म्हणजे ऑगस्टची उघडीप ते सप्टेंबर, लेकॅनिसिलियम लेकॅनी ही बुरशी छान लागते, कृषी सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम या जुन्या नावानेही मिळते, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी. पॅकेटवरची तारीख बघा, जिवंत माल आहे. त्याच्या आगेमागे बुरशीनाशक मारलंत तर तुमचीच बुरशी मेली. मेच्या उन्हात ही वापरू नका, वाळून जाते.

पावसाळ्यात बऱ्याच जणांना वाटतं की प्रश्न सुटला. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जुलैचा झोडपणारा पाऊस पिठ्याला धुवून काढतो हे खरं, पण पत्र्याखालच्या कुंड्या, एसीच्या मागची फट, जास्वंदीच्या कुंपणाची आतली बाजू इथे तो तग धरतो आणि ऑक्टोबर हीटला बाहेर येतो. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी, काहीही दिसत नसताना, एक फेरी मारून या जागा तपासा आणि ग्रीसचे पट्टे तेव्हाच लावा. बिल्डिंगखालची जास्वंद आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवत ही दोन्ही त्याची माहेरघरं. गाजर गवत फुलायच्या आधी मुळासकट उपटायला सोसायटीच्या मागे लागा, हातमोजे घालून, काहींना त्याची ॲलर्जी येते. जास्वंदीवर मात्र सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला महिन्याला धुरळणी करत असेल तर आधी ती थांबवता येते का बघा, तिथेच सगळ्यात जास्त मित्रकीटक वाढू शकतात.

सगळं केलं तरी एकच झाड मरगळलेलं, पाणी घालूनही मान टाकतंय, वर किडा नाही? कुंडी उलटी करून मातीचा गोळा बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरे कापशी ठिपके असतील तर मुळांवरचा पिठ्या आहे (मातीत मिसळलेले पर्लाइटचे पांढरे दाणे कडक असतात, हे चिरडतात). मुळं धुवून, नव्या मातीत, कुंडी गरम पाण्याने घासून. जुनी माती काळ्या पिशवीत बांधून मेच्या उन्हात काही आठवडे तापवली तर परत वापरता येते. नर्सरीतून आणलेलं नवीन झाडही तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि कुंडीतून काढून मुळं बघितल्याशिवाय बाकीच्यांत मिसळू नका.

"ताई एकदाच इमिडाक्लोप्रिड टाकू का, झंझट नको" हे दर वेळी कोणीतरी विचारतंच. खायच्या झाडाला नको. हे कीटकनाशक मुळातून सगळ्या झाडात भिनतं, भेंडीतही आणि फुलातल्या मधातही, मधमाशी आणि त्या बारीक माश्या तिथेच घेतात. आपण रोज दोन-चार भेंड्या तोडणारे, फवारणीनंतर अमुक दिवस तोडायचं नाही हा नियम गच्चीवर कोणी पाळत नाही.

आणि एखादं भेंडीचं झाड खालपासून वरपर्यंत पांढरं झालं असेल, शेंगा वाकड्या येत असतील, तर त्याच्या मागे महिना घालवू नका. भेंडीचं आयुष्य तसंही तीन-चार महिन्यांचं. झाड जागेवरच साबणपाण्याने भिजवा म्हणजे पिल्लं उडणार नाहीत, मुळासकट काढा, पिशवीत गच्च बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मगच ओल्या कचऱ्यात द्या. गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये नको, छोट्या ड्रमला किडे मारण्याइतकी उष्णता बऱ्याचदा येतच नाही. त्या कुंडीत पुढचं पीक भेंडी, वांगी नको, मेथी किंवा मुळा लावा.